आमच्या व्याह्याचं खोटं

आमच्या व्याह्याएवढा खोटं करणारा माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत झाला नाही. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर शंभर वेळा बोललोय. आता पाठीमागेच बोलावं लागतं त्याला माझा इलाज नाही, कारण या वैशाखात तो गेला. आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं म्हणाल, तर एका मंगळवारी त्याच्या मुरबाडच्या दुकानात कॉम्प्युटरपुढे बसून एका बाईच्या डोक्यावरच्या हंड्याचा रंग बदलला. पितळी केला, तांब्याचा केला, परत पितळी केला. मग तो म्हणाला, स्टीलचा करून बघू. मी वैतागून म्हटलं, "स्टीलचा कशाला, निळा ड्रम द्या तिच्या डोक्यावर." तर हा शांतपणे म्हणतो, "ड्रमचा शेप नाय माझ्याकडं, व्याहीबुवा, पण चहा होईस्तवर काढतो." काढला की हो. बाईच्या डोक्यावर निळा ड्रम ठेवून आम्ही दोन म्हातारे बराच वेळ बघत बसलो आणि मग खोकला लागेपर्यंत हसलो. एसटीत बसवताना खिडकीतून म्हणाला, "पुढच्या मंगळवारी हंडा फायनल." बुधवारी सकाळी मुलीचा फोन आला. झोपेतच गेला होता. कुठलंच काम त्यानं वेळेवर केलं नाही, एवढंच तेवढं वेळेच्या आधी केलं.

खोटं म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर मेलेल्या माणसावर मी आळ घेतोय असं वाटायचं. बॅनर, दुकानाची पाटी असलं काही छापायच्या आधी, छापून लावल्यावर ते कसं दिसेल याचं चित्र कॉम्प्युटरवर करून गिऱ्हाइकाला दाखवतात. दुकानाचा फोटो काढायचा, त्यावर न झालेली पाटी बसवायची, तिची सावलीसुद्धा पाडायची. हल्लीची पोरं त्याला मॉकअप म्हणतात. व्याह्याच्या जिभेला तो शब्द कधी वळला नाही. तो म्हणायचा, "आधी खोटं बघा, मग खरं छापू." गिऱ्हाइकांनाही तीच सवय लागली. चांगली शहाणीसुरती माणसं दुकानात शिरून विचारायची, "पेंटर, माझं खोटं झालं का?" एकदा एक वकील आपल्या अशिलांना घेऊन रस्त्यानं चालले होते, तर हा दुकानातून ओरडला, "वकीलसाहेब, तुमचं खोटं तयार आहे, एकदा बघून घ्या!" वकील दोन महिने त्या रस्त्यानं आले नाहीत. पाटी तशीच पडून राहिली, आणि व्याह्याला आनंद झाला, कारण त्याला तिच्यातला तराजू आणखी दोन महिने रंगवायला मिळाला.

हा मूळचा पेंटर. भिंती, पाट्या, टेम्पोच्या मागच्या फळ्या, सगळं यानं रंगवलेलं. "तंबाखू खाऊ नका" अशी सूचना एका भिंतीवर रंगवताना तोंडात तंबाखूचा बार होता, हे तो स्वतःच सांगायचा. मग फ्लेक्स आला आणि ब्रश वाळले. पन्नाशी उलटलेला हा बाप्या कॉलेजच्या पोरींच्या मधे कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊन बसला आणि तिथे त्याला शेप सापडले. शेप म्हणजे तयार आकार: पान, कलश, मोर, बैल, तोरण. माझी बायको विचारायची, "शेप म्हंजे शेपटी का वो व्याही?" तर हा तोंड न हलवता, "शेपटीचा पन शेप असतो, विहीणबाई." यानं स्वतःच्या हातानं काढलेले शेप शेकड्यांनी साठवले, आणि वेड लागलं ते त्यांचे रंग बदलायचं. ब्रशच्या कामात पाटी हिरवी रंगवली आणि गिऱ्हाईक निळी मागायला लागलं की दोन दिवस पॉलिशपेपर घासत बसा. इथं पडद्याच्या उजवीकडे लेयरची यादी असते, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा समजा. त्यात प्रत्येक शेपच्या नावापुढे एक बारका चौकोन. त्या चौकोनावर दोनदा टिचकी मारली की रंगांची पेटी उघडते, आणि तुम्ही बोट ठेवाल तो रंग आख्ख्या आकाराला. घासणं नाही, वास नाही, कडेला सांडणं नाही. "मोराला हात नाय लावला, व्याहीबुवा," मला म्हणायचा, "नुसतं त्याच्या चौकोनाला विचारलं." बोलताना डोळे असे करायचा की मोर आता ओरडतो का काय असं वाटावं.

यात एक गोम होती. छापायला देताना तो सगळे लेयर दाबून एक करायचा. एक केले की शेप हा शेप राहत नाही, नुसतं चित्र होतं. मग टिचक्या मारून बोट झिजलं तरी रंगाची पेटी उघडत नाही. हे त्याच्या जिवावर यायचं. "मेला तो शेप," म्हणायचा. एक कॉपी वेगळी ठेवता येते, असं त्याच्या पोरानं, म्हणजे आमच्या जावयानं, हजारदा सांगितलं. त्यावर याचं उत्तर, "म्हंजे एक भाऊ मेला तरी दुसरा आहे ना, असंच ना रे?" म्हणून त्याच्याकडून बारशाची पत्रिका पोरगं रांगायला लागल्यावर मिळायची.

सोयरीक जुळली तीसुद्धा खोट्यावरच. मी भातसा धरणावर खलाशी होतो, पाण्याची पातळी बघून मांडायचो, भातसानगरला सरकारी क्वार्टरमधे राहायचो. मुलगी बघायला हा आला तो बगलेत कागदाची गुंडाळी घेऊन. आम्हाला वाटलं पत्रिका असेल. उलगडली तर त्यात आमचं क्वार्टर! येताजाता कधीतरी फोटो काढून नेला होता. सरकारी पिवळा रंग घालवून त्याला गुलाबी केलेलं, दारात मांडव, मांडवाला तोरण, आणि शेजाऱ्यांची कळकट बकरी दुधासारखी पांढरी. "हे लग्नाच्या दिवसाचं खोटं," म्हणाला. मी जमीन किती, पोरगा काय करतो, हे विचारायला तोंड उघडतोय तोवर बायको कागदावरून हात फिरवत म्हणाली, "आमच्या ह्यांच्यानं माझ्या घराला असा रंग कदी लागला नसता. पोरगी दिली." झालं. माझी सही कुणी मागितलीच नाही. तो कागद तिनं कॉलनीभर फिरवला, आणि चार दिवसांनी आमचे साहेब दारात हजर: सरकारी क्वार्टरला गुलाबी रंग कोणाच्या परवानगीनं? साहेब पिवळ्या भिंतीपुढे उभे राहून विचारत होते, तरी त्यांना कागदच खरा वाटला.

म्हसा गावच्या जत्रेत बैल विकायला एकानं त्याच्याकडून बॅनर करून घेतला. व्याह्यानं बैलाच्या शिंगांचे दोन शेप केले. एक लाल केलं, एक हिरवं केलं, दोन्हींतलं कुठलं आवडतं ते मालकाला विचारू म्हणून. विचारायचं राहिलं आणि जावयानं तसंच छापून दिलं. मालक बॅनर घेऊन शिव्या देत आला. व्याही काय म्हणावा? "बॅनर बदलायला चार दिवस. बैल बदलायला अर्धा तास." जुने डबे आणि ब्रश घेऊन स्वतः म्हशाला गेला आणि बैलाचं एक शिंग लाल, एक हिरवं रंगवून आला. जत्रेतली निम्मी गर्दी त्या बैलापुढे. विकला का, ते विचारू नका. मालकाला तो इतका आवडायला लागला की परत घरी घेऊन गेला.

आणि त्याचे हात! पुढारी लोकांना बॅनरवर हात जोडलेले लागतात, पण फोटो द्यायचे लग्नातले, एका हातात मोबाईल नाहीतर पेढा. मग व्याह्यानं स्वतःच्याच जोडलेल्या हातांचा शेप केला. उजवा अंगठा विळ्यानं कापून वाकडा झालेला, तोही तसाच आला. गिऱ्हाईक गोरं असेल तर हात गोरे, काळं असेल तर काळे, टिचकी मारली की झालं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत समोरासमोरची दोन्ही पॅनेलं याच वाकड्या अंगठ्यानं मतं मागत होती. कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण बॅनरवरचा माणूस स्वतःच्या तोंडाखेरीज काही बघत नाही. तो गेल्यावर चौकात त्याचा श्रद्धांजलीचा बॅनर लागला. खाली शोकाकुल म्हणून अकरा जण हात जोडून. मी जवळ जाऊन बघितलं. अकराच्या अकरा वाकडे अंगठे. माणूस स्वतःच स्वतःला नमस्कार घालत होता. मला रस्त्यात हसू फुटलं. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला धक्का बसलाय.

आता हंड्याचं सांगतो. तो हंडा माझ्या बायकोच्या डोक्यावरचा.

ती गेल्या भाद्रपदात गेली. तिचं माहेर वैशाखरे, माळशेजच्या रस्त्यावरचं. लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात पोरं घेऊन गावच्या फाट्यावर एसटीची वाट बघायची, आणि तिथं प्यायला पाणी नाही म्हणून मला शिव्या द्यायची, जसं काय मीच ते पिऊन आलोय. "एवढं धरन राखता, म्हमईला पानी पाजता, आनि बायकोला घोटभर नाय!" शेवटच्या आठवड्यात आवाज बसला होता तरी म्हणाली, "माझं तेरावं मोटं करू नका. त्या फाट्यावर दोन रांजन ठेवा. ह्या येत्या उन्हाळ्यात ठेवा, तुमचं पुढचं मला ठावं आहे." तिला दिलेले पुष्कळ शब्द मी खाल्ले. हा खायचा नव्हता. मी व्याह्याला सांगितलं, तर तो म्हणाला, पाटीशिवाय पाणपोई म्हणजे नावाशिवाय पत्रिका. तुम्ही फक्त मंगळवारचे येत जा.

त्यानं तिचा शेप केला. आमच्याकडे तिचा हंडा घेतलेला एक फोटो होता, कॉलनीतल्या नळावरचा. त्यावरून कडेकडेनं रेघ फिरवून नुसती आकृती काढली. नाक नाही, डोळे नाहीत, पण कमरेला दिलेला तो झोक बघितल्यावर मला वाटलं आता वळून म्हणेल, "बसलात का तोंड वासून?" पहिल्या खोट्यात त्यानं शेजारी आपले जोडलेले हातही टाकले होते. मी म्हटलं, "काढा ते. हिनं आयुष्यात देवाला सोडून कुनाला हात जोडले नाय, आता येनाऱ्या-जानाऱ्याला जोडंल काय?" त्यानं काढले. मग आकृतीच्या चौकोनावर दोनदा टिचकी मारली, पेटी उघडली आणि म्हणाला, "सांगा, व्याहीबुवा. विहीणबाईंच्या लुगड्याचा रंग सांगा."

मला सांगता येईना.

फोटो पश्चिमेच्या भिंतीवर होता, उन्हानं सगळा निळसर पडलेला. ते लुगडं फाटल्यावर तिनंच नातीच्या पाळण्याला बांधलं, मग त्याची फडकी झाली, मग तीही गेली. कितीदा नेसली असेल ती ते माझ्यासमोर. व्याही म्हणाला, "चाळीस वर्षं संसार केला तुमी, आनि लुगडं आठवत नाय?" मी म्हटलं, "मी लुगडं बघत नव्हतो, तिची नजर चुकवत होतो." तो हसला. मी हसलो नाही. आज लुगडं आठवत नाही, उद्या तोंड आठवणार नाही, अशी भीती मला वाटायला लागली होती. मुलीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, पण बापाला आईच्या लुगड्याचा रंग माहीत नाही हे कोणत्या तोंडानं सांगू? मी व्याह्याला माझ्या गळ्याची शपथ घातली, पोरीला विचारायचं नाही. तो म्हणाला, "नाय विचारत. आपन आपलं शोधू."

आणि आम्ही शोधत बसलो. दिवाळीपासून दर मंगळवारी शहापूरला एसटी बदलून मी मुरबाडला. तो चौकोनाला टिचकी मारायचा आणि रंगांची नावं घ्यायचा. पिकलेल्या जांभळाचा? करवंदाचा? वांगी? डाळिंबी? पळसाचा? एकदा म्हणाला, धरणाच्या पाण्याचा? मी म्हटलं, "पान्याला रंग नसतो, पातळी असते. मी तीस वर्षं पातळीच बघितली." प्रत्येक रंगाबरोबर एक प्रश्न असायचा. हे नेसून ती कुठं जायची? कुणाशी भांडायची? वांगी रंगावर मला तिचं नळावरचं भांडण आठवलं, डाळिंबीवर तिनं साहेबांना सुनावलेलं आठवलं, ते मी सांगायचो, तो पोट धरून हसायचा, आणि शेवटी मी म्हणायचो, "हा नाय." तो म्हणायचा, "नसू दे. चहा घ्या." लुगडं सापडेना म्हणून आम्ही पदरावर गेलो, पदरावरून काठावर, काठावरून हंड्यावर. होळी गेली, पाडवा गेला. मी ओरडायचो, "उन्हाळा सरायला लागला, पेंटर! ती मला वरून शिव्या घालत असंल." तो म्हणायचा, "घालू दे की. घालते तवर तुमाला आवाज तरी येतो."

त्याच्या बाराव्याला मी गेलो. जेवणं उरकली, मंडळी पांगली, तेव्हा मुलीनं मला दुकानात बोलावलं. दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. ती कॉम्प्युटर उघडून बसली होती. "बाबा, मामांनी तुमच्या पाटीचं काय काय केलंय ते बगा." सासऱ्याला ती मामा म्हणते. पडद्यावर नुसती रांग लागलेली: विहीणबाई खोटं एक, विहीणबाई खोटं दोन, अशी त्रेचाळीसपर्यंत. तिनं पहिली उघडली. तीच आकृती, तोच झोक, बाजूला ते काढायला लावलेले हातही नाहीत, आणि लुगडं...

"हे बगा ना," मुलगी म्हणाली, "आईचं आमसुली. किती बरोबर आलंय."

आमसुली. भिजवलेल्या आमसुलाचा तो काळपट लाल. मी खुर्चीवर बसलो. शब्द कानावर पडला आणि सगळं लुगडं दिसलं, निऱ्या, पदराला पुसलेले हात, खांद्यावर विटलेला पट्टा, सगळं.

"हे कधी केलं त्यानं?"

"पयल्याच मंगळवारी. तुमी एसटीत बसलात आनि मामा घरात आले. म्हनाले, पोरी, आईच्या लुगड्याचा रंग काय होता गो? मी सांगितलं. लगेच केलं." ती माझ्याकडे बघेना. "मी म्हनलं, बाबांना फोन करते. तर म्हनाले, आत्ता नको. त्यांचं त्यांना आठवू दे. आनि एकदा पाटी झाली की ते कशाला येतायत हितं? घरात बसून भिंतीशी बोलत बसतील."

मी तोंडातल्या तोंडात अशी शिवी दिली की ती पोरीपुढे द्यायची नव्हती, आणि बाराव्याला तर नव्हतीच. शपथ मोडून वर सहा महिने माझ्यापुढे जांभळं, करवंदं, वांगी सगळा बाजार मांडला, आणि आमसुलाचं नाव एकदा काढलं नाही! चुकूनसुद्धा नाही. केवढं ते ध्यान ठेवावं लागलं असेल त्याला! माझ्यापायी लबाडानं माझ्या बायकोचं पाणी अडवलं. ती असती तर तिनं दोघांनाही झाडलं असतं. आणि हे सांगायला माझ्यापुढे ना ती, ना तो.

"हीच छापू का, बाबा?" मुलगी म्हणाली. "लेयर एक करायला लागतील."

मी पडद्यावरचं लुगडं एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. मग मी म्हटलं, "कर." तिनं केले. म्हणाली, पाटी यायला चार दिवस लागतील.

मी चार दिवस थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुरबाडमधून दोन रांजण घेतले, टेम्पोत बसून वैशाखऱ्याच्या फाट्यावर गेलो आणि झाडाच्या बुंध्याशी वाळू पसरून ते बसवले. बायकोच्या भावाच्या घरून कळशीनं पाणी आणून भरले. दम लागला. वर ओलं फडकं बांधलं, तांब्या ठेवला आणि शेजारी बसलो. फाट्यावर एक बाई एसटीची वाट बघत होती, कडेवर मूल, डोक्यावर गाठोडं. बराच वेळ नुसती बघत होती. मग जवळ आली.

"कोनाची वो पानपोई, बाबा?"

"आदी पानी पी," मी म्हटलं, "मग सांगतो."

तिनं मुलाला पाजलं, स्वतः दोन तांबे उभ्यानं प्यायली, पदरानं तोंड पुसलं. तेवढ्यात एसटी आली आणि ती धावत गेली. सांगायचं राहिलं.